पाण्याखालचा सूर

अंदमानला जाऊन आलो असे सांगितले की आमच्या दांडिया बाजारातील वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न एकच विचारतात, ‘सावरकरांची कोठडी पाहिलीत ना?’ पाहिली. वहाणा बाहेर काढून, उंबरठ्याला हात लावून पाहिली. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे स्वातंत्र्यवीर त्या तुरुंगात होते, हे आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. बडोदेकरांनी तेथे आणखी एका नावापाशी क्षणभर थांबावे असे मात्र मला वाटते. अरविंदबाबू १८९३ ते १९०६ या काळात आपल्या संस्थानच्या नोकरीत होते. त्यांचे धाकटे बंधू बारींद्र घोष त्यांच्याकडे येथे राहून गेलेले. तेच बारींद्र १९०९ साली काळ्या पाण्यावर पाठवले गेले. आपल्या गावचे पाणी प्यालेला एक माणूस त्या कोठड्यांतून राहिला होता, ही गोष्ट त्या लांबच लांब सज्जात उभे असताना मनाला लागून राहते.

परंतु तुरुंगाविषयी लिहिण्याचा अधिकार मोठ्यांचा. मी गाणे शिकवणारा साधा माणूस. आज सांगावयाचे आहे ते त्याच पाण्याविषयी. आपल्या पणजोबांनी ज्याला काळे पाणी म्हटले, त्यात तोंड घालून मी काय ऐकले त्याविषयी. ‘काय पाहिले’ असे न लिहिता ‘काय ऐकले’ असे लिहिले आहे, ती छपाईची चूक नव्हे.

स्नॉर्कलिंग हा शब्द ज्यांनी केवळ नातवंडांच्या तोंडून ऐकला असेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसवावयाचा, एक वाकडी नळी दातांत धरावयाची आणि पाण्यावर पालथे तरंगत राहावयाचे. नळीचे वरचे टोक पाण्याबाहेर असते, श्वास तोंडाने घ्यावयाचा. खोल बुडी मारावी लागत नाही. अंगात फुगीर जाकीट असते आणि हाताशी वाटाड्या, त्यामुळे पोहता न येणारे लोकही धीर करतात. होडीने किनाऱ्यापासून जरा आत जावे, उथळ पाण्यात जेथे प्रवाळांचे रान उभे असते तेथे उतरावे, अर्धा-पाऊण तास पाहावे आणि परत यावे, असा हा खेळ. अंदमानच्या बेटांभोवती किनाऱ्याला लागूनच प्रवाळांची झालर आहे, म्हणून तेथे हे सहज साधते.

नाताळच्या सुट्टीत जावयाचे ठरले तेव्हा आमच्या कन्येने, वय वर्षे तेरा, एकच अट घातली: ‘बाबा, तुम्हीसुद्धा पाण्यात उतरायचं.’ आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध सुरसागरच्या कठड्यापलीकडे गेलेला नाही. मी पोहायला शिकलो नाही, माझे वडीलही शिकले नव्हते. तरी होकार दिला. मुलांना दिलेले होकार फेडण्याची वेळ पुढे येते, एवढेच त्या वेळी लक्षात राहत नाही.

पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून या शहराचे अधिकृत नाव श्री विजयपुरम असे झाले आहे) आम्ही मोठ्या बोटीने हॅवलॉकला गेलो. २०१८ पासून हे बेट स्वराज द्वीप म्हणून ओळखले जाते. तेथील धक्क्यावरून लहान यांत्रिक होड्या एलिफंट बीचकडे जातात. एके काळी या बेटांवर जंगलातील ओंडके ओढण्यासाठी हत्ती ठेवले होते, त्यांची आठवण या किनाऱ्याच्या नावात उरली आहे. २००४ च्या सुनामीत कोसळलेल्या मोठाल्या वृक्षांचे पांढरे सांगाडे वाळूत अजून पडलेले दिसतात. सकाळी साडेनऊच्या सुमारास आम्ही पोहोचलो, तेव्हा तेथे जत्रा भरली होती. वीस-पंचवीस होड्या, त्यांची यंत्रे, ओरडणारी माणसे, छायाचित्रे काढवून घेणारी नवपरिणीत जोडपी.

मला मुखवटा चढवण्यात आला. नाक बंद, तोंडात रबर. आता येथे आमच्या घरची एक हकीकत सांगणे भाग आहे, कारण तिच्याविना पुढचे समजावयाचे नाही.

आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, वयाच्या बाराव्या वर्षापासून आजोबांच्या मागे राजवाड्याच्या नगारखान्यात बसत. आजोबा सनईवर राग वाजवीत, नानांकडे केवळ सूर धरण्याचे काम होते. सनईच्या जोडीला जो दुसरा वाजवणारा असतो, तो एकच स्वर तुटू न देता धरून ठेवतो. गालांत हवा साठवावयाची आणि ती ओठांतून सोडीत असतानाच नाकाने नवा श्वास ओढून घ्यावयाचा, अशी त्याची युक्ती असते. त्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्याला कोणी वाहवा देत नाही. पण तो थांबला की राग वाजवणारा जागच्या जागी अडखळतो. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा नाना अठरा वर्षांचे होते. पहाटेची नौबत बंद पडली. पुढे त्यांनी लग्नकार्यांत सनई वाजवून आणि शिकवण्या करून संसार केला. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा. तो श्वास मला यावा म्हणून त्यांनी फार खटपट केली. पेल्यात पाणी घ्यावयाचे, त्यात एक नळी बुडवावयाची आणि बुडबुड्यांची माळ तुटू न देता फुंकत राहावयाचे, हा त्याचा पहिला धडा. माझी माळ नेहमी तुटे. शेवटी मी पेटीकडे आणि गळ्याकडे वळलो. नाना रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. त्यांची सनई तेव्हापासून कपाटात आहे, आणि ते न बोलणे माझ्यापाशी.

तर तोंडात नळी आली आणि मला तो पेला आठवला. मी पाण्यात चेहरा घातला, सवयीने नाकाने श्वास ओढू गेलो, मुखवटा चेहऱ्याला चिकटला. गडबडून तोंड वर करतो तो लाटेचे पाणी नळीत शिरले. खारट घोट गिळला. मग पाण्यात घाबरलेला मनुष्य जे करतो तेच मी केले, पाय खाली सोडून उभा राहिलो. पायाखाली काहीतरी मोडले. वाळलेली काटकी मोडावी तसा तो धक्का टाचेला जाणवला.

वाटाड्या पोरसवदा होता. त्याने माझ्या दंडाला धरून मला आडवे केले आणि हिंदीत एवढेच म्हणाला, ‘साहेब, उभे राहू नका. ते जिवंत आहे.’

प्रवाळ म्हणजे दगड अशी आपली समजूत असते. दागिन्यातले पोवळे आपण दगड म्हणूनच घालतो. वास्तविक ते लहान लहान जीवांच्या वसाहतीने बांधलेले घर आहे. प्रत्येक जीव तोंडाभोवती झालर असलेल्या पिशवीएवढाच. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा घरमालकाला देते. म्हणून प्रवाळाला उथळ, स्वच्छ आणि उबदार पाणी लागते. ते आपल्याखाली चुन्याचा थर रचत जातात. फांद्यांसारखे प्रवाळ त्या मानाने लवकर वाढतात, पण गोल, घुमटासारखे असतात ते वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. कमरेएवढा घुमट दिसला तर तो रचावयास सुरुवात झाली तेव्हा सयाजीराव महाराज गादीवर होते असे समजावे. माझ्या टाचेखाली फांदी आली, घुमट आला नाही, हे माझे नशीब. त्याचे श्रेय मात्र मला घेता येत नाही.

रात्री निवासावर मी गप्प होतो. उद्याचे रद्द करू, असे म्हणालो. सौ. म्हणाली, ‘अहो, वर्गात मुलींना रोज काय सांगता? श्वास घ्यायची घाई करू नका, आधी आतला पुरता सोडा, मग तो आपला आपण येतो. ते समुद्रात लागू पडत नाही का?’ वीस वर्षे मी दिलेला धडा मला व्याजासकट परत मिळाला.

पोर्ट ब्लेअरला परतल्यावर आम्ही वंडूरला गेलो. तेथून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात होड्या जातात. १९८३ साली स्थापन झालेल्या या उद्यानात पंधरा बेटे येतात. प्रवाशांसाठी वर्षाचे काही महिने जॉली बॉय हे बेट खुले असते आणि उरलेले काही महिने रेड स्किन. एकाने माणसे सोसावीत तोवर दुसऱ्याने विसावा घ्यावा, अशी ही पाळी. वन खात्याचा परवाना लागतो. धक्क्यावरच पिशव्या उघडून पाहतात. प्लास्टिक बेटावर नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटली न्यावयाची तर अनामत ठेवावी लागते आणि बाटली परत दाखवल्यावर ती मिळते. आमच्या बरोबरच्या एका गृहस्थांना हा छळ वाटला. मला मात्र मैफलीच्या दाराशी वहाणा काढावयास लावणाऱ्या जुन्या घरांची आठवण झाली.

खारफुटीच्या खाड्यांतून तासाभराचा प्रवास आहे. बेटाला धक्का नाही, म्हणून मोठी होडी दूर थांबते आणि तळाला काच बसवलेल्या लहान होड्यांतून माणसांना किनाऱ्यावर नेतात. मोठी यंत्रे बंद झाली तशी एकदम शांतता झाली. या वेळचा वाटाडा पन्नाशीचा, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन अंदमानात वसलेल्या कुटुंबातला. मी त्याला आदल्या दिवशीची फजिती सांगून टाकली. तो हसला नाही. म्हणाला, ‘आधी कमरेएवढ्या पाण्यात, वाळूवर उभे राहून वीस श्वास घ्या. डोळे मिटून. मग बघू.’ रियाजाची ही पद्धत मला समजण्यासारखी होती.

आधी सोडला, मग घेतला. दहाव्या-बाराव्या श्वासाला छाती सैल झाली. नळीतून येणारा माझाच श्वास एकाच लयीत ऐकू येऊ लागला. मग त्याने मला आडवे केले, हात धरून आत नेले, आणि माझे कान पाण्याखाली गेले.

आता जे सांगतो ते वाचकांनी कल्पना म्हणून सोडून देऊ नये. पाण्याखाली आवाज होता. चोहोंकडून, अखंड, बारीक तडतड. तापलेल्या कढईत लाह्या फुटाव्यात, पण दूर कोठे तरी, शेकडो कढयांत एकाच वेळी, अशी. मला प्रथम वाटले की कानात पाणी गेले. मग मुखवट्यासमोरून हिरवट निळ्या रंगाचा एक मासा गेला, त्याने पोपटासारख्या चोचीने प्रवाळाचा कडा करकरून कुरतडला आणि ती करकर मला स्पष्ट ऐकू आली. मी वाटाड्याचा हात दाबला. त्याने पाण्याखालीच मान हलवली. त्याला ठाऊक होते.

किनाऱ्यावर आल्यावर त्याला विचारले, परतल्यावर थोडे वाचलेही. ती तडतड एका बोटाएवढ्या कोळंबीची. तिची एक नांगी मोठी असते, ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात एक बुडबुडा निर्माण होऊन फुटतो, आणि तो फुटण्याचा हा आवाज. अशा हजारो कोळंब्या प्रवाळांच्या फटींत बसलेल्या असतात. त्यात कुरतडणाऱ्या माशांची करकर आणि पोटातील हवेच्या पिशवीवर घुमणाऱ्या माशांचा हुंकार मिसळतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. उजव्या कानी आधी पोहोचला की डाव्या, यावरून आपण दिशा ओळखतो. पाण्यात तो फरक इतका थोडा उरतो की दिशाच कळत नाही, आवाज आपल्या डोक्यातच चालू आहे असे वाटते. तंबोऱ्यांच्या मधोमध बसलेल्या गवयाला जसे वाटते, थेट तसे. १९५६ साली कूस्तो यांचा समुद्रावरील सुप्रसिद्ध बोलपट आला, त्याचे नाव ‘मौनाचे जग’ अशा अर्थाचे होते. चित्र अप्रतिम असेल, नाव मात्र आता बदलावयास हवे.

त्यानंतर वाटाड्या मला बेटाच्या दुसऱ्या अंगाला थोडे पुढे घेऊन गेला. तेथे प्रवाळ होते, पण राखाडी, मोडलेले, शेवाळाने माखलेले, पडक्या वाड्यासारखे. मासे तुरळक. आणि तेथे मला ती तडतड विरळ झालेली जाणवली. हा माझ्या मनाचा खेळ असेल म्हणून मी दोनदा जाऊन-येऊन पाहिले. फरक राहिला.

किनाऱ्यावर नारळ फोडता फोडता तो म्हणाला, ‘२०१० साली पाणी तापलं. महिन्याभरात सगळं मिठासारखं पांढरं झालं. काही सावरलं, काही गेलं.’ पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसेच राहिले की प्रवाळ आपल्या अंगातील शेवाळ बाहेर टाकतात आणि त्यांचा रंग जातो. लवकर निवले तर शेवाळ परत येते, नाही तर उपासमारीने ते मरतात. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली असे घडले. एप्रिल २०२४ मध्ये तर शास्त्रज्ञांनी जगभरच्या समुद्रांत चौथ्यांदा हे संकट आल्याचे जाहीर केले.

यापुढची गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. प्रवाळांत राहणाऱ्या बहुतेक माशांची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर खुल्या समुद्रात वाहत जातात आणि काही आठवड्यांनी राहावयास जागा शोधत परततात. अंधाऱ्या पाण्यात त्यांना वाट दाखवणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे ही तडतड. जेथे आवाज आहे तेथे वस्ती आहे, हे त्यांना उपजत कळते. प्रवाळ मेले की आवाज मंदावतो, आवाज मंदावला की नवी पिल्ले येत नाहीत, आणि पिल्ले आली नाहीत की शेवाळ खाऊन जागा स्वच्छ ठेवणारे कोणी उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळभिंतीवर लिझार्ड बेटाजवळ ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. उजाड प्रवाळांच्या जागी पाण्यात ध्वनिवर्धक ठेवून निरोगी प्रवाळांचा आवाज सुमारे चाळीस दिवस ऐकवला. २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे आवाज होता तेथे मासे दुपटीने आले. नुसत्या आवाजाने मेलेले प्रवाळ जिवंत होत नाहीत, समुद्र तापणे थांबले पाहिजे हे त्या शास्त्रज्ञांनाही मान्य आहे. पण वस्ती पुन्हा बसण्यास पहिली हाक लागते, ती या आवाजाची.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या वर्गातील मुले दरवर्षी कमी होत आहेत. मी मोबाईलला दोष देतो, परीक्षांना देतो, काळाला तर सगळेच देतात. पण माझ्या लहानपणी नानांकडे येणारी निम्मी मुले पाटी वाचून आलेली नव्हती. रस्त्याने जाताना ऐकून थांबलेली होती. कोणी दूध घालावयास आलेला, कोणी शाळेतून परतणारा. आणि माझ्या वर्गाच्या खिडक्या? रस्त्यावरच्या वाहनांचा गोंगाट आणि शेजारच्या इमारतीतून आलेली एक तक्रार, यामुळे त्या दोन वर्षे बंद आहेत. आत आम्ही गातो. बाहेर कोणाला पत्ता नाही.

अंदमानला जाणाऱ्या मंडळींना, आणि आपल्या गावातून दरवर्षी पुष्कळ जातात, दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. पाण्यात काही झाले तरी उभे राहू नका, पाठीवर उलटा आणि तरंगत राहा. कशालाही हात लावू नका. अंगाला उन्हाचे मलम चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा घालून उतरा. अशा मलमांतील काही द्रव्ये प्रवाळांना बाधतात म्हणून पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून त्यांवर बंदी घातली आहे. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा आणू नका. तो कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर पिशव्या तपासतात. गर्दीची जागा टाळता आली तर टाळा, आणि निदान पाच मिनिटे काही न पाहता डोळे मिटून ऐका. पाहण्यासारखे तेथे इतके आहे की ऐकावयाचे राहूनच जाते.

परतल्यावर मी शेजारच्या गृहस्थांना भेटलो. सायंकाळी सहा ते सात एवढा एकच तास खिडक्या उघड्या ठेवू द्या, अशी विनंती केली. ते भले गृहस्थ, लगेच ‘हो’ म्हणाले. तक्रार दुसऱ्याच कोणाची होती, असेही हळूच सांगितले. नानांची सनई कपाटातून काढली आहे. पत्ती गेलेली होती, नवी आणविली. मला ती वाजवता यावयाची नाही, हे मला ठाऊक आहे.

आमची कन्या मात्र अंदमानहून आल्यापासून रोज पेल्यात पाणी घेऊन त्यात नळी बुडवून बसते. समुद्रात नळीने श्वास घेता आला, मग हे का येणार नाही, असा तिचा रोकडा सवाल. तिची माळ अजून तुटते. परवा तुटण्याआधी मी मनात मोजले, अकरा मात्रा झाल्या होत्या.